उडण्याचे इतके, आणि ‘नाही’ म्हणण्याचे किती?

गोंदियाच्या फ्लाइंग स्कूलमध्ये माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी शिकलेल्या एका मुलानं परवा त्याचं ऑफर लेटर पाठवलं. ‘मॅडम, सही करायच्या आधी जरा नजर टाकाल का? घरी सगळे खूश आहेत.’ एअर ॲम्ब्युलन्स चालवणारी कंपनी, किंग एअर बी-२०० या दोन इंजिनांच्या छोट्या विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, पोस्टिंग दिल्ली. मी त्याच विमानावर, त्याच धंद्यात, दुसऱ्या एका कंपनीत कॅप्टन आहे. त्याला जे लिहिलं तेच थोडं बदलून, त्याला विचारून इथे टाकतेय. दर महिन्याला कुणी ना कुणी हेच विचारतं.

आधी घरच्यांच्या गैरसमजाबद्दल. पेशंट हलवायला काही लाख रुपये लागतात, म्हणजे पायलटची चांदी, असं सगळ्यांना वाटतं. एकदा पाटण्याला एका पेशंटच्या मेहुण्यानं मला शिडीपाशी गाठून ‘तुमचा वाटा किती?’ असं सरळ विचारलं होतं. राग नाही आला. दागिने मोडून आलेला माणूस होता. पण ते लाख कुठे जातात ते बघा. इंधन, लँडिंग, पार्किंग, हँडलिंग एजंट, डॉक्टर आणि पॅरामेडिक, पेशंट मिळवून देणाऱ्या दलालाचं कमिशन, छोट्या विमानतळाची वेळ संपली असेल तर तो उघडा ठेवण्याचा आकार. शिवाय विमान एका बाजूनं रिकामंच उडतं. पायलटला त्या बिलाशी काही देणंघेणं नसतं. त्याला महिन्याचा ठरलेला पगार आणि मुक्कामाचा भत्ता.

आणि तो पगार सुरुवातीला कमीच असतो. कमर्शियल लायसन्ससाठी २०० तास उडावं लागतं, त्या तासांचे पैसे आपणच भरायचे, मग टाइप रेटिंगचे, म्हणजे एका ठरावीक विमानाच्या परवान्याचे, वेगळे. माझ्यासाठी बाबांनी अकोल्याचं घर बँकेकडे ठेवलं होतं. को-पायलट म्हणून पहिला पगार आला तेव्हा कर्जाचा हप्ता जाऊन जे उरलं, त्यात दिल्लीत द्वारकेतल्या खोलीचं भाडं आणि डबा भागत होता. एअरलाइनमधल्या बॅचमेटचे आकडे तेव्हा मुद्दाम विचारायचे नाहीत असं मी ठरवलं होतं.

आता लेटर. पहिल्याच पानावर ‘कन्सल्टंट’ असं लिहिलंय. म्हणजे दहा टक्के टीडीएस कापून रक्कम हातात, आणि पीएफ, ग्रॅच्युइटी यांचं नाव नाही. बाबा एसटीत होते. माझी नोकरी लागल्यावर त्यांनी विमान कोणतं, कुठे कुठे जाणार, काही विचारलं नाही. ‘पीएफ कापतात का?’ एवढंच विचारलं. त्या प्रश्नाची किंमत मला पुढे कळली. बाँडबद्दल, म्हणजे ठरल्या मुदतीआधी सोडलंस तर भरायच्या रकमेबद्दल, फार लिहीत नाही, तो सगळेच घेतात. ट्रेनिंगच्या खर्चाएवढाच आहे ना आणि महिन्यागणिक कमी होतो ना, ते बघ. नोटीस पीरियडही तसाच. २०१७ च्या नियमानं कॅप्टनला वर्ष आणि को-पायलटला सहा महिने, हे डोक्यात ठेवून सही कर.

खरी गोम दुसऱ्या पानावर आहे, ‘स्टँडबाय’मध्ये. लेटरमध्ये त्यावर एकच ओळ आहे, पण आपली नोकरी म्हणजे मुख्यतः तीच ओळ. एअरलाइनवाल्याला रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक असतं, ते वाईट असेल पण असतं. आपल्याकडे फोन असतो. फोन आला की ठरलेल्या वेळात विमानतळावर पोचायचं. उड्डाणाआधी बारा तास दारूला स्पर्श नाही हा कायदा, त्यामुळे स्टँडबायवरचा माणूस कायमचा कोरडा. दारूचं जाऊ दे, मी तशीही पीत नाही. पण शहर सोडता येत नाही. चुलतभावाची हळद मी व्हिडिओ कॉलवर पाहिली आणि त्या दिवशी फोन वाजलाच नाही.

झोपेचं गणित त्याहून वाकडं. समज, सकाळी सात वाजता उठलास, दिवसभर घरी होतास, भाजी आणलीस, बँकेत गेलास. रात्री एक वाजता फोन येतो. कागदावर तू विश्रांती घेऊन ताजातवाना आहेस, कारण दिवसभर कामच केलं नाहीस. प्रत्यक्षात तू अठरा तास जागा आहेस, आणि पहाटे दोन ते सहा, शरीर सगळ्यात ढिलं पडतं त्या वेळात, तू उतरणार आहेस. नियमात त्या चार तासांना वेगळं नाव आहे, वेगळी बंधनं आहेत. पण दिवसा घरी बसलेल्या माणसाला झोप लागली का, हे कोणत्याच फॉर्ममध्ये विचारत नाहीत. म्हणून आठवड्यातले ठरावीक दिवस पूर्ण सुट्टीचे, फोन बंद ठेवायच्या परवानगीसह, आणि रात्री स्टँडबाय असेल तर त्या दिवशी दिवसाची ड्युटी नाही, एवढं लेखी माग.

कामाचं स्वरूप लेटरमध्ये ‘फ्लाइंग ड्युटीज’ असं आहे. त्यात स्ट्रेचर उचलणं येतं हे लिहून ठेव. किंग एअरचं दार अरुंद, पायऱ्या उभ्या. नव्वद किलोचा व्हेंटिलेटरवरचा पेशंट, मॉनिटर, सिलिंडर, हे सगळं वळवून आत घ्यायला चार माणसं लागतात आणि रात्री तीनला त्यातले दोन आपणच असतो. रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स ट्रॅफिकमध्ये अडकली, हॉस्पिटलनं डिस्चार्जचे कागद द्यायला वेळ लावला, तर तो वेळ आपल्या ड्युटीतून जातो. मुलींसाठी अजून एक: स्ट्रेचर लावल्यावर मागच्या टॉयलेटला जाणं जवळपास अशक्य होतं, आणि बंद व्हायच्या बेतातल्या छोट्या टर्मिनलमध्ये दिवे असतीलच असं नाही. आम्ही पाणी कमी पितो. ते चुकीचं आहे हे मागे बसलेले डॉक्टरच सांगतात, आणि तेही कमीच पितात.

उडणंही एअरलाइनसारखं नसतं. डोक्याला मार लागलेला किंवा छातीत हवा साठलेला पेशंट असेल तर डॉक्टर केबिनचा दाब जमिनीवरच्याएवढा ठेवायला सांगतात. बी-२०० मध्ये तो सुमारे पंधरा हजार फुटांपर्यंतच राखता येतो. एरवी पंचवीस-अठ्ठावीस हजारांवरून जाणारं विमान मग निम्म्या उंचीवर, ढगांच्या पोटातून जातं, इंधन जास्त खातं, आणि पल्ला लांबचा असेल तर मध्ये थांबून भरावं लागतं. पावसाळ्यात असं नागपूरहून चेन्नईला गेलं की दंड भरून येतात.

आता तिसरं पान. फिक्स रक्कम कमी आणि त्यावर उडलेल्या प्रत्येक तासाचे वेगळे. तू म्हणालास, ‘भरपूर उडालो तर छान सुटतात.’ तिथेच माझं तुझ्याशी भांडण आहे.

एअर ॲम्ब्युलन्समध्ये कॉकपिटचं सगळ्यात महत्त्वाचं काम कधी कधी न उडणं असतं. धुकं, वादळ, थकवा. अमेरिकेत २००८ साली रुग्णवाहू हेलिकॉप्टरांचे इतके जीवघेणे अपघात झाले की पुढच्या वर्षी तिथल्या तपास मंडळानं जाहीर सुनावणी घेतली, आणि २०१४ मध्ये नियम कडक झाले. तिथल्या चांगल्या कंपन्यांत एक पद्धत आहे: हवामान बघून हो-नाही ठरेपर्यंत पायलटला पेशंटबद्दल काही सांगतच नाहीत. लहान मूल आहे की म्हातारं, वाचेल की नाही, काही नाही. फक्त इथून तिथे. ऐकलं की माणूस पाघळतो, हे त्यांनी मान्य केलंय. आपल्याकडे ऑप्सचा, म्हणजे उड्डाणं ठरवणाऱ्या ऑफिसचा, पहिला मेसेजच ‘मॅम, सात वर्षांची मुलगी आहे, प्लीज’ असा येतो. त्या दडपणावर ‘उडालास तर पैसे, नाही तर नाही’ हेही ठेवायचं? हप्ता दहा तारखेला असताना धुक्याकडे बघणारे डोळे वेगळे असतात.

२५ मे २०११ ला पाटण्याहून दिल्लीला पेशंट आणणारं पिलाटस हे छोटं विमान वादळी रात्री फरिदाबादच्या वस्तीत कोसळलं. आतले सात आणि जमिनीवरच्या तीन बायका गेल्या. २४ मे २०१६ ला त्याच मार्गावरची किंग एअर सी-९० इंजिनं गेल्यावर नजफगढजवळ शेतात उतरली, सातही जण वाचले. कारणं वेगवेगळी आहेत, त्यांचा पगाराशी संबंध मी जोडत नाही. पण या कामात चुकीला जागा किती थोडी, ते यातून दिसतं.

चौथ्या पानावर विम्याचा उल्लेख नाही. यासाठी एकच तारीख लक्षात ठेव, ६ मे २०२१, कोविडची दुसरी लाट. त्या दिवशी नागपूरहून पेशंट घेऊन उडालेल्या सी-९० चं चाक धावपट्टीवरच गळून पडलं. पायलटनं विमान मुंबईला नेलं, फोमवर पोटावर उतरवलं, पाचही सुखरूप. दिवसभर कौतुक. त्याच रात्री मध्य प्रदेश सरकारचं किंग एअर रेमडेसिव्हिर घेऊन ग्वाल्हेरला उतरताना धावपट्टीच्या टोकाला उभ्या केलेल्या बॅरियरला धडकलं. आतले तिघे जखमी झाले, पण वाचले. पुढच्या वर्षी सरकारनं त्या पायलटला ८५ कोटींच्या भरपाईची नोटीस धाडली. विमानाचा विमाच नव्हता, हेही तेव्हा बातम्यांत आलं. म्हणून विमानाचा विमा, तुझा अपघात विमा आणि मेडिकल तपासणीत नापास होऊन उडणं बंद झालं तर लायसन्सचा विमा, तिन्ही कागद सही आधी डोळ्यांनी बघ. ‘आहे हो’ म्हणणाऱ्या एचआरवर विसंबू नकोस.

आणि तासाचे पैसे काढून टाकायला सांग. फिक्स वाढवा, तास नकोत. ते जमणार नसेल तर किमान इतके तास धरून पगार, उडालो काय, न उडालो काय. आणि एक वाक्य: हवामान किंवा थकव्यामुळे उड्डाण नाकारल्यास पगार कापणार नाही.

त्यानं हे सगळं, माझ्यापेक्षा बऱ्या इंग्रजीत, मेल करून टाकलं. तीन दिवसांनी उत्तर आलं. मुक्कामाचा भत्ता रात्रीमागे दोनशे रुपयांनी वाढवला, अपघात विम्याची प्रत जोडली, आणि बाकी मुद्द्यांवर ‘कंपनी पॉलिसी’ एवढंच. तो सोमवारी रुजू होतोय. त्याच्या आईनं माझ्यासाठी अनारसे पाठवलेत.