‘मायामी कनेक्शन’चे मराठी सबटायटल : सहावा आठवडा

‘मायामी कनेक्शन’ या जुन्या इंग्रजी सिनेमाला मी मराठी सबटायटल लिहितेय, त्याच्या या आठवड्यात जेमतेम अकरा ओळी झाल्या. पण त्या जिमच्या पत्राच्या आहेत, त्यामुळे ज्यांनी सिनेमा पाहिलाय ते समजून घेतील.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. अनाथ म्हणून एका घरात राहणारे पाच मित्र, पाचही जण तायक्वांदोवाले, त्यांचा ‘ड्रॅगन साउंड’ नावाचा बँड. समोर कोकेनच्या धंद्यातले, मोटरसायकलवरून फिरणारे निंजा. नाव मायामीचं, शूटिंग मात्र बहुतेक फ्लोरिडातल्याच ऑरलँडोत. पाचांपैकी मार्कचं काम करणारे वाय. के. किम तिथेच तायक्वांदो शिकवायचे. कोरियन टीव्हीवर त्यांची मुलाखत पाहून दिग्दर्शक पार्क वू-सांग त्यांच्याकडे आले आणि सिनेमा करूया म्हणाले. किम यांना कॅमेऱ्याची काही माहिती नव्हती. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांनाच पडद्यावर उभं केलं, कर्ज काढलं, क्लास गहाण ठेवला. सुमारे दहा लाख डॉलर त्यात गेले.

आता जिम, त्या पाचांपैकी एक. आई कोरियन, वडील काळे अमेरिकन सैनिक, आणि त्या वडिलांना त्याने कधी पाहिलेलं नाही. वडिलांची खबर देणारं पत्र हातात येतं आणि तो ओरडत सुटतो. कलाकार मुरलेला नाही, आवाज फाटतो, थिएटरात इथे हशा पिकतो. पहिल्या खर्ड्यात मी ‘मला माझे वडील सापडले!’ असं लिहिलं होतं. वाचलं की हरवलेली किल्ली सापडल्यासारखं वाटायचं. ‘भेटले’ चालत नाही, कारण भेट अजून व्हायचीय. तीन दिवस हीच ओळ डोक्यात घोळत होती. मग भाजी निवडता निवडता आई सहज म्हणाली, ‘अगं, पत्ता लागला म्हण ना.’ झालं! ‘बाबांचा पत्ता लागला!’ पत्र हातात असलेल्या मुलाच्या तोंडी हे इतकं चपखल बसलं की मी तो तुकडा सात-आठ वेळा परत चालवून पाहिला. ‘वडील’ जाऊन ‘बाबा’ आले तेही बरं झालं. मित्रांना तो आधी सांगतो तेव्हा ‘वडील’, पत्र आल्यावर ‘बाबा’.

हे एवढं का धरून बसले, तेही सांगते. सिनेमा तयार झाल्यावर कोणीच वितरक घेईना. एकाने तर कचऱ्यात टाका म्हणून सांगितलं. किम यांनी सिनेमा कसा करतात याची पुस्तकं वाचली आणि शेवट स्वतः नव्याने शूट केला. आधीच्या शेवटात जिम मरत होता. म्हणजे ते ओरडणं जेव्हा शूट झालं, तेव्हा त्या मुलाच्या नशिबी बापाची भेट नव्हतीच. हे कळल्यापासून तिथे गमतीचा एकही शब्द वापरायचा नाही, असं मी ठरवलंय. माझ्या आधीच्या खर्ड्यात निंजांच्या तोंडी दोन-तीन टवाळ वाक्यं होती, तीही काढली. माणसांनी जीव ओतून केलंय. प्रेक्षक हसोत, सबटायटलने सरळच बोलायचं.

1988 मध्ये ऑरलँडोच्या आसपासच्या थिएटरांत सिनेमा लागला आणि आपटला. 2009 मध्ये अमेरिकेतल्याच ऑस्टिनच्या अलामो ड्राफ्टहाउस थिएटरच्या झॅक कार्लसन यांनी न पाहताच, पन्नास डॉलरला, इंटरनेटवर त्याची 35 मिलिमीटरची प्रिंट घेतली. तिथे लोकांनी ती डोक्यावर घेतली. थिएटरवाल्यांचा फोन गेला तेव्हा किम यांना कोणीतरी चेष्टा करतंय असंच वाटलं. 2012 मध्ये सिनेमा पुन्हा प्रदर्शित झाला.

तांत्रिक अडचण एकच, पण रोज छळते. सबटायटलच्या प्रोग्रॅममध्ये इंग्रजीची, सेकंदाला सतरा अक्षरांची मर्यादा लावली की माझ्या अर्ध्या ओळी मर्यादेबाहेर म्हणून लाल होतात, कारण प्रोग्रॅम मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजतो. ‘स्त्री’ लिहिलं की त्याच्या हिशेबाने सहा अक्षरं! मी मर्यादा चोवीसवर नेली आणि आईला टीव्हीसमोर बसवून तपासलं. ती आरामात वाचते. फक्त दोनपेक्षा जास्त ओळी करू नका, खालच्या ओळीचा उकार कापला जातो. फॉन्ट थोडा लहान केला की तो प्रश्नही सुटतो.

किम यांचे उच्चार कळायला वेळ लागतो. मी कानाला हेडफोन लावून, वेग कमी करून ऐकते. बाकीच्यांना तायक्वांदो शिकवणाऱ्या मार्कला ते ‘तू’ म्हणतील की ‘सर’? क्लासमध्ये आम्ही ‘सर’च म्हणायचो, पण हे एका घरात राहतात, एकत्र जेवतात. सध्या घरात ‘तू’ आणि सरावाच्या प्रसंगात ‘सर’ असं केलंय.

शेवटी पाटी येते, हिंसा संपवली तरच जगात शांतता येईल अशा अर्थाची. तिथे ‘येईल’ काढून ‘नांदेल’ घातलं.

गाणी अजून हातात घेतली नाहीत. मैत्रीच्या गाण्याला ‘मैत्री’ चालीत बसत नाही, ‘दोस्ती’ बसते. कोणाला चालीवर लिहिता येत असेल तर ध्रुवपदाच्या चार ओळी पाठवा, रविवारी आईसमोर लावून बघते.