‘मी’ची वही

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेच्या समितीकडून निरोप आला : ‘शाळेत असताना तुम्ही कशा होता आणि शाळेनं तुम्हाला कसं घडवलं, यावर लिहा.’ यातला दुसरा भाग मला सोपा वाटला. पहिल्या भागापाशी मात्र मी बराच काळ अडून बसले. मी मानसशास्त्र शिकवते. माणूस स्वतःच्या भूतकाळाविषयी जे सांगतो, त्यात भूतकाळ किती असतो आणि त्याचा आज किती मिसळलेला असतो, हाच माझ्या अभ्यासाचा विषय. त्यामुळे ‘मी लहानपणी अशी होते’ हे वाक्य लिहिताना हात थबकतो.

सुदैवानं माझ्यापाशी पुरावा आहे, आणि तो मला या शाळेनंच दिला आहे.

माझ्या बरोबरीच्या अनेकांना आठवत असेल, आमच्या भाषेच्या बाई पाचवीपासून दहावीपर्यंत दर वर्षी आमच्याकडून एक पान लिहून घ्यायच्या. वार्षिक परीक्षा संपलेली असायची आणि निकाल अजून लागायचा असायचा. पानाचं शीर्षक ठरलेलं : ‘मी’. मागच्या वर्षीचं पान आधी वाचायचं नाही, नवं लिहून झाल्यावरच उलटायचं, ही एक अट. या पानाला गुण नाहीत आणि लाल शाईही नाही, ही दुसरी. बाई ते वाचतसुद्धा नसत. सगळ्यांनी लिहिलंय एवढं पाहायच्या आणि वह्या परत द्यायच्या. हे निकालाच्या आधीच का करायचं, ते तेव्हा कळलं नव्हतं. आता वाटतं, त्यात फार मोठी समज होती. निकाल हातात पडल्यावर लिहिलं असतं, तर आम्ही कोण आहोत हे टक्क्यांनीच ठरवून टाकलं असतं.

ती वही मी जपून ठेवली आहे. या लेखासाठी ती पुन्हा वाचली, आणि तिच्यात भेटलेली मुलगी माझ्या आठवणीतल्या मुलीशी जुळेना. मला आठवते ती अबोल, पुस्तकात डोकं घालून बसणारी मुलगी. वहीत सातवीतली मुलगी लिहिते : ‘मला एकटं बसायला मुळीच आवडत नाही. मधल्या सुट्टीत काय खेळायचं ते मी ठरवते.’ आठवीत तिचं ठाम मत आहे की ती खेळाडू होणार. नववीच्या पानावर पहिल्यांदा ‘मला शांत बसलेलं बरं वाटतं’ असं वाक्य येतं, आणि लगेच खाली : ‘मी पहिल्यापासून अशीच आहे.’ दोनच वर्षांत तिनं आपला सगळा इतिहास नव्यानं लिहून काढला होता! मग तिनं मागची पानं उलटली असणार, कारण त्या ओळीच्या शेजारी, समासात, पेन्सिलीनं काढलेलं एक मोठं उद्गारचिन्ह आहे.

त्या उद्गारचिन्हाइतका स्वतःविषयीचा प्रामाणिक धडा मला पुढे फार थोड्या ठिकाणी मिळाला.

स्मृती असंच वागते. 28 जानेवारी 1986 रोजी ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उड्डाणानंतर 73 सेकंदांनी नष्ट झालं आणि आतले सातही अंतराळवीर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं : बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता, काय करत होता, कुणी सांगितलं. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या 44 जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. त्यांपैकी 11 जणांचा एकही मुख्य तपशील पहिल्या उत्तराशी जुळला नाही, आणि तरीही अनेकांना आपल्या आठवणीची पक्की खात्री होती. पुढे त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातले जुने कागद दाखवले. त्यानं मूळ आठवण काही परत आली नाही. तिची जागा नव्या आठवणीनं घेतली होती. मी हा प्रयोग वर्गात शिकवते तेव्हा मुलं म्हणतात, ‘म्हणजे आपण स्वतःशी खोटं बोलतो का?’ तसं नाही. आठवताना आपण दर वेळी आठवण नव्यानं रचतो, आणि रचणारा माणूस आजचा असतो. आज मला शांतता प्रिय आहे, म्हणून माझं बालपणही शांत झालं.

मग आठवण बाजूला ठेवली आणि दुसऱ्यांनी तेव्हाच करून ठेवलेली नोंद घेतली तर? स्कॉटलंडमध्ये हे एका फार मोठ्या कालावधीत पाहिलं गेलं आहे. 1936 साली जन्मलेल्या मुलांपैकी 1,208 जणांबद्दल, ती चौदा वर्षांची असताना, त्यांच्या शिक्षकांनी सहा बाबतींत मत नोंदवलं होतं : आत्मविश्वास, चिकाटी, मनःस्थितीची स्थिरता, कामातली काटेकोरता, स्वतंत्र विचार आणि शिकण्याची ओढ. आपल्या प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्यांसारखंच हे. 2012 मध्ये संशोधकांनी त्यांना शोधायला सुरुवात केली. 174 जण तयार झाले. ते तेव्हा 77 वर्षांच्या आसपास होते. त्यांनी स्वतःविषयी त्याच सहा बाबतींत मत दिलं आणि त्यांना चांगलं ओळखणाऱ्या एकेका व्यक्तीकडूनही ते घेतलं गेलं. 2016 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिक्षकांचे शेरे आणि म्हातारपणीचा स्वभाव यांचा म्हणण्याजोगा संबंध आढळला नाही.

हा निष्कर्ष मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमच्या तुकडीतले ते सगळे आले, ज्यांच्या प्रगतिपुस्तकावर ‘चंचल’, ‘आळशी’, ‘लक्ष नाही’ असं लिहिलेलं असायचं. काहींनी तो शब्द आयुष्यभर स्वतःचं आडनाव असल्यासारखा वागवला. आजच्या शिक्षकांना माझं मनापासून सांगणं आहे की शेरा जरूर लिहा, पण त्याच्याबरोबर तारीखही मनात ठेवा. ते त्या महिन्यातलं मूल आहे.

अर्थात एका अभ्यासावरून ‘माणसाचं काहीच टिकत नाही’ असं म्हणणं चूक ठरेल. 174 ही संख्या लहान आहे; शिवाय चौदाव्या वर्षी एकानं मत दिलं आणि म्हातारपणी दुसऱ्यानं. ब्रेंट रॉबर्ट्स आणि वेंडी डेलवेकिओ यांनी 2000 साली अशा 152 दीर्घकालीन अभ्यासांची मांडणी केली, तेव्हा चित्र जास्त स्पष्ट झालं. इतरांच्या तुलनेत आपला स्वभाव किती टिकून राहतो, याचा सहसंबंध (0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण जुळणी) बालपणी 0.31 होता, महाविद्यालयाच्या वयात 0.54, तिशीला 0.64 आणि पन्नाशी ते सत्तरीच्या दरम्यान 0.74. म्हणजे वयाबरोबर माणूस स्थिरावत जातो, पण बदलायचा थांबत नाही. ज्या वयात ‘तू कोण आहेस, तुला काय व्हायचंय’ हे आपण मुलांना सर्वांत जास्त विचारतो, नेमकं त्याच वयात त्या उत्तराचा भरवसा सर्वांत कमी असतो. उत्तर सापडत नाही म्हणून रडणारे विद्यार्थी माझ्याकडे येतात. त्यांना मी हे आकडे दाखवते. त्यांच्यात काहीही कमी नसतं.

आणि मोठ्यांचं काय? 2013 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात 18 ते 68 वयाच्या 19,000 हून अधिक लोकांचा अभ्यास आला. गेल्या दहा वर्षांत आपण खूप बदललो, हे प्रत्येक वयाचे लोक मान्य करतात. पुढच्या दहा वर्षांत किती बदलाल, असं विचारलं की मात्र ‘फारसं नाही’ म्हणतात. अठराव्या वर्षीही असंच वाटतं आणि पन्नाशीतही. ‘आता मी स्वतःला पुरती ओळखते’ ही भावना कुठल्याही वयात तितकीच खरी वाटते, म्हणूनच ती कधीच पुरावा होऊ शकत नाही.

इथे एक जुना प्रश्न उभा राहतो. इतकं सगळं बदलत असेल, तर ‘मी’ म्हणून जिला ओळखायचं ती आहे तरी कोण? ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा यावरचा संवाद आहे. नागसेन विचारतो, पाळण्यातलं बाळ आणि आजचे तुम्ही एकच का? राजा म्हणतो, नाही, ते बाळ वेगळं होतं, मी वेगळा. त्यावर नागसेन जे विचारतो ते शाळेच्या स्मरणिकेत यायलाच हवं. तसं असेल तर तुम्हाला आई नाही, वडील नाहीत, शिक्षकही नाहीत. विद्या शिकतो तो एक आणि शिकून तयार होतो तो दुसराच का? नागसेनाचं स्वतःचं उत्तर असं की तोच नाही आणि दुसराही नाही; रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत यांच्यासारखं ते आहे. दिवा उत्तम आहेच, पण मला शिकणाऱ्याचा प्रश्न जास्त धरून ठेवतो. मी ज्या अक्षरांनी हे लिहिते आहे ती गिरवणारी मुलगी मला आठवत नाही, तरी अक्षरं तिच्याकडूनच आली आहेत.

युरोपात तत्त्वज्ञ जॉन लॉकनं ‘मी तोच’ याचा आधार जाणीव आणि स्मृती यांत शोधला. 1785 साली थॉमस रीड या दुसऱ्या तत्त्वज्ञानं त्यावर आक्षेप घेताना उदाहरण दिलं तेही एका शाळकरी मुलाचं : बागेत चोरी केली म्हणून शाळेत मार खाल्लेला मुलगा, पुढे शत्रूचं निशाण हिसकावणारा तरुण अधिकारी, आणि उतारवयातला सेनापती. अधिकाऱ्याला मार आठवतो, सेनापतीला निशाण आठवतं, पण सेनापती मार साफ विसरला आहे. मग सेनापती तो मुलगा नव्हे का?

रीडची बाजू मला बळकट वाटते, आणि त्याचं कारण टोरांटोचा एक रुग्ण आहे. संशोधनात तो ‘के. सी.’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. 1981 मध्ये मोटरसायकलच्या अपघातात त्याच्या मेंदूला गंभीर इजा झाली. स्वतःच्या आयुष्यातला एकही प्रसंग त्याला अनुभव म्हणून आठवेना. अपघातानं त्याचा स्वभावही पालटला. पूर्वीच्या मानानं तो खूप शांत झाला. मानसशास्त्रज्ञ एंडेल टुल्विंग यांनी त्याला त्याच्या स्वभावाचं वर्णन करायला सांगितलं. आईनं त्याच्या आताच्या स्वभावाचं जे वर्णन केलं, त्याच्याशी त्याचं उत्तर चांगलं जुळलं. एकही प्रसंग आठवत नसताना, आपण आता कसे आहोत हे त्याला कळलं होतं! स्वतःला ओळखणं म्हणजे स्वतःची गोष्ट पाठ असणं नव्हे, हे मला या एका माणसाइतकं कुणीच पटवून दिलं नाही.

आमच्या बाईंचंही सांगायला हवं. अखेरच्या वर्षांत त्यांची स्मृती गेली. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी नाव विचारलं, थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. मी काहीतरी सांगत होते आणि खोलीतलं कुणीतरी मध्येच बोललं, तशी त्यांनी हात वर केला. ‘थांब. तिचं पूर्ण होऊ दे.’ वर्गात त्या अगदी हेच म्हणायच्या, आणि नेमका असाच हात वर करायच्या. माझं नाव त्यांना माहीत नव्हतं. पण त्या बाईच होत्या, याविषयी माझ्या मनात कणभरही शंका नव्हती. नीना स्ट्रॉमिंजर आणि शॉन निकल्स यांनी 2015 मध्ये मेंदूच्या आजारांच्या रुग्णांच्या नातेवाइकांना प्रश्न विचारून हेच दाखवलं. ‘हा आमचा माणूस राहिला नाही’ ही भावना निव्वळ स्मृती गेल्यानं तितकी येत नाही, जितकी त्याची माणुसकी, त्याचं चांगुलपण बदलल्यानं येते.

हे लक्षात ठेवून मी वही पुन्हा एकदा वाचली. या वेळी विशेषणं सोडून दिली, कारण ती दर वर्षी बदलतात. दर पानावर कुठेतरी कुणाला तरी खेळात घेतलं नाही, कुणावर खोटा आळ आला, कुणाचं बोलणं कुणी ऐकून घेतलं नाही, याचा राग आहे. पाचवीत तो एका ओळीत आहे, दहावीत पाऊण पानभर. मात्र हा धागा आजच्या मला आवडणारा आहे, म्हणून मीच तो वेचून काढत असेन, अशी शंका आली. मग जुन्या वर्गमैत्रिणीला फोन केला आणि काहीही न सुचवता एवढंच विचारलं, ‘मी शाळेत कशी होते गं?’ ती म्हणाली, ‘कुणाला खेळातून बाद केलं की पंचांशी भांडायला तूच पुढे असायचीस.’

मैत्रिणीची साक्ष मी हलकी मानत नाही. सिमीन वझिरे यांच्या 2010 च्या अभ्यासात दिसलं की मनातली चिंता, अस्वस्थता माणूस स्वतः जास्त अचूक सांगतो. पण बुद्धिमत्ता, कल्पकता अशा, जिथे स्वतःचं मोल ठरतं त्या बाबतींत जवळचे मित्र जास्त बरोबर असतात. म्हणून महोत्सवाच्या मेळाव्याला येणाऱ्या सगळ्यांनी नुसते फोटो काढून जाऊ नये, एकमेकांना हा प्रश्न विचारावा असं मला वाटतं. जी माणसं आपल्याला आपण विसरलेल्या वयात ओळखत होती, ती दुसरीकडे कुठे भेटणार?

शाळेकडे माझी एक विनंती आहे. ‘मी’ची वही पुन्हा सुरू करा. परीक्षेनंतर आणि निकालाच्या आधी, बाई करायच्या तसंच. ‘मी कशी आहे’ याबरोबर तीन प्रश्न जोडा : या वर्षी तुला कशाचा राग आला, कुणासाठी तू काही केलंस, आणि मागच्या वर्षी पक्कं वाटणारं काय आता तसं वाटत नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मागचं पान उलटण्याआधी एकदा आणि उलटल्यावर एकदा लिहू द्या. बाजूला मोठा समास सोडा. वही शाळेच्या कपाटात ठेवू नका, कुणी तपासू नका. दहावीनंतर ती ज्याची त्याला घरी नेऊ द्या. पहिल्या वर्षी वर्गांत येऊन हे समजावून सांगायला मी आनंदानं येईन.