ग्रंथालयात विचारावे लागते

सकाळी आठच्या सुमारास आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाबाहेर रांग लागलेली असते. पुण्यात विद्यापीठे बरीच आहेत, त्यांपैकी आमचे कोणते हे सांगण्याची गरज नाही, कारण ही रांग बहुतेक ठिकाणी सारखीच दिसेल. पाठीवर सॅक, हातात पाण्याची बाटली, काखेत झेरॉक्सच्या स्पायरल केलेल्या वह्या आणि नजर दाराच्या कुलपावर. दार उघडताच ही मुले-मुली अभ्यासिकेकडे धावतात, कारण भिंतीलगतच्या, प्लग-पॉइंट असलेल्या खुर्च्या मोजक्याच आहेत. एका खोलीत चौघांनी राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांना शांत जागा आणि पंखा हवा असतो, आणि ग्रंथालयाने तो द्यावा यात मला काहीच गैर वाटत नाही. मात्र या रांगेतील अनेकजण दोन-दोन वर्षे रोज येऊनही पहिल्या मजल्यावरील संदर्भ विभागात एकदाही गेलेले नसतात, याची हळहळ वाटते. मीही पहिले वर्षभर गेले नव्हते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि चाळिशी उलटल्यावर पीएच.डी.ला नाव नोंदवले. विषय आहे दिवाळी अंकांतील जाहिराती. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली काढलेला अंक मराठीतला पहिला दिवाळी अंक मानला जातो. तेथून सुरुवात करून १९६० पर्यंत साबण, केशतेल, चहा, शिवणयंत्रे, औषधे विकणाऱ्यांनी मराठी घराशी कोणत्या भाषेत बोलणे केले, हे मला पाहायचे होते. जुन्या मासिकांचे बांधीव खंड ग्रंथालयात आहेत, हे कळल्यावर काम सोपे आहे असे मी धरून चालले. चार दिवस खंडामागून खंड चाळले. कथा होत्या, कविता होत्या, संपादकीय होते, रंगीत चित्रेही अधूनमधून होती. जाहिराती मात्र जवळजवळ नव्हत्याच. त्या काळात जाहिराती कमीच असाव्यात, असा निष्कर्ष मी वहीत लिहूनसुद्धा टाकला.

पाचव्या दिवशी संदर्भ विभागातील सहायक ग्रंथपालांकडे एका अंकाची चौकशी करायला गेले. त्यांनी माझा विषय विचारला, तो ऐकून थोडे हसले आणि म्हणाले, “मॅडम, जाहिराती तुम्हाला खंडात कशा सापडतील? त्या बाइंडरने काढून टाकल्यात.”

मग त्यांनी एक खंड टेबलावर उभा धरला आणि शिवणीजवळची जागा दाखवली. बारा अंक एकत्र बांधायचे तर खंड फार जाड होतो, उचलताना पाठ फाटते आणि खर्चही वाढतो. म्हणून बांधणीआधी मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची पद्धत अनेक ग्रंथालयांत होती. जाहिरातींच्या पानांना बहुधा वेगळे क्रमांक असत किंवा क्रमांकच नसत, त्यामुळे ती निघून गेल्यावरही मजकुराचे पृष्ठांक सलग राहतात आणि वाचकाला काही हरवल्याचे लक्षातही येत नाही. शिवणीच्या कडेला बोटाच्या पेरापेक्षाही कमी रुंदीची कागदाची एक पट्टी राहून गेली होती. तिच्यावर एका उभ्या ओळीतली तुटलेली अक्षरे होती, ‘…ल तेल’ एवढेच वाचता येत होते. माझ्या प्रबंधासाठी सापडलेला तो पहिला पुरावा. वहीतला निष्कर्ष मी त्याच संध्याकाळी खोडला.

हीच अडचण पुढे संगणकावरही येते. जुन्या मासिकांचे स्कॅनिंग मोठ्या प्रमाणावर झाले आहे आणि ते अतिशय उपयुक्त आहे, पण स्कॅन करणाऱ्यासमोर खंड ठेवला गेला असेल तर पडद्यावर दिसणारा अंकही तसाच सोललेला असतो. घरबसल्या ‘संपूर्ण अंक’ मिळाला म्हणून समाधान मानणाऱ्या संशोधकाला हे कोणीतरी सांगावे लागते, आणि सांगणारा माणूस संदर्भ विभागातल्या खुर्चीवर बसलेला असतो.

बांधणी न झालेले सुटे अंक कोठे असू शकतील, हा पुढचा प्रश्न होता. त्यासाठी मला परिचयपत्र मिळाले. ग्रंथालयाच्या शिक्क्याचे एक साधे पत्र: अमुक या आमच्या संशोधक विद्यार्थिनी आहेत, त्यांना आपल्या संग्रहात बसून वाचण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. प्रवेशद्वारावरच्या फलकावर देवघेव, अभ्यासिका, झेरॉक्स, इंटरनेट असे सर्व लिहिले आहे. या पत्राचा उल्लेख कोठेही नाही. आणि पुण्यासारख्या शहरात या पत्राइतकी मोलाची दुसरी सेवा नसेल. १८४८ पासूनचे पुणे नगर वाचन मंदिर, १९१० चे भारत इतिहास संशोधक मंडळ, १९११ चे पुणे मराठी ग्रंथालय, १९१७ ची भांडारकर संस्था, १९३० ची गोखले अर्थशास्त्र संस्था, त्याहून कितीतरी जुने डेक्कन कॉलेज, आणि गणेशखिंडीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे, पहिले कुलगुरू डॉ. मुकुंदराव जयकर यांच्या नावाने ओळखले जाणारे ग्रंथालय. पेठांतून निघालेला माणूस दुचाकीवरून एका दिवसात यांतल्या तीन-चार ठिकाणी जाऊन येऊ शकतो. प्रत्येक संस्थेचे नियम, वेळा आणि दुपारच्या जेवणाची सुट्टी निराळी, हे मात्र आधी फोनवर विचारून घ्यावे. दुपारी एक ते चार या वेळेबद्दल पुण्यात वेगळे सांगायला नको.

सूची पाहण्याची कलाही मला त्याच टेबलाशी शिकावी लागली. मराठी पुस्तकांच्या नोंदी अनेक ग्रंथालयांत वर्षानुवर्षे रोमन लिपीत झाल्या, कारण संगणक आले तेव्हा देवनागरीची सोय नीट नव्हती. आता ‘ज्ञ’ रोमनमध्ये कसा लिहायचा? कोणी ‘जे-एन’ने लिहिला, कोणी ‘डी-एन-वाय’ने, कोणी हिंदीच्या वळणाने ‘जी-वाय’ने. एकाच लेखकाची पुस्तके त्यामुळे तीन ठिकाणी विभागली जातात आणि जो एकच रूप टाइप करून पाहतो, त्याला ‘आढळले नाही’ असे उत्तर मिळते. मी एका ग्रंथासाठी तसे दोनदा रिकाम्या हाताने परतले होते. चूक माझीच होती, कारण तिसरे रूप मी शोधलेच नाही. आता कोहासारख्या, ग्रंथालयांसाठीच्या मुक्त संगणकप्रणालींत देवनागरीतून नोंदी करता येतात, आणि बहुतेक नव्या नोंदी तशा होतही आहेत, पण जुन्या नोंदी दुरुस्त करायला माणसे लागतात.

वर्गीकरणाचीही गंमत आहे. पुस्तकांना विषयवार अंक देणाऱ्या ड्यूई पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ हा अंक आहे. त्यापुढे १ लावला की कविता आणि ३ लावला की कथा-कादंबरी. जाहिरातशास्त्र ६५९.१ मध्ये जाते. माझा विषय या दोन कपाटांच्या मधल्या वाटेवर पडतो आणि मासिके तर तळघरातल्या नियतकालिक विभागात, नावाच्या अकारविल्हे क्रमाने. एका विषयासाठी तीन मजले चढउतार करावी लागते. गुडघ्यांना ते कळते.

इलेक्ट्रॉनिक सेवांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यांची माहिती सगळीकडे लावलेली असते. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्च शिक्षणसंस्थांना मिळावीत, यासाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. रसायनशास्त्रात संशोधन करणारी माझी भाची या योजनेवर जाम खूश आहे. मराठी नियतकालिकांच्या अभ्यासकाला तीतून हाती लागते ते मुख्यतः जाहिरातींच्या इतिहासावरचे इंग्रजी लेखन. त्याचाही उपयोग होतोच, तक्रार नाही.

मला अधिक कामाचे ठरले ते ‘शोधगंगा’. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देणे सुरू झाले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या या भांडारात देशभरातील प्रबंध कोणालाही विनामूल्य वाचता येतात. आपल्या विषयावर आधीच कोणी काम केले आहे का, हे पाहण्यासाठी पूर्वी गावोगावी पत्रे पाठवावी लागत. पण येथेही मराठीची वाट थोडी खडबडीत आहे. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची एकच संगणकीय संकेतपद्धत, येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या प्रबंधांत पडद्यावर मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. शब्द टाकून शोधले तर काहीच हाती लागत नाही. त्यात १९६२ पूर्वीच्या लेखनाची भर. तेव्हाच्या अंकांत ‘घरांत’, ‘कां’, ‘नाहीं’ असे अनुस्वार असत, ते नव्या नियमांनी गेले. आजच्या शुद्धलेखनाने जुना मजकूर शोधणाऱ्याने दोन्ही रूपे टाकून पाहिली पाहिजेत.

या फॉन्टच्या घोळाने माझी स्वतःची चांगली फजिती झाली. प्रबंधाची दोन प्रकरणे मी घरच्या जुन्या संगणकावर, सवयीच्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिली होती. मजकूर दुसरीकडून उचललेला नाही ना, हे संगणकावर पाहणाऱ्या साम्य तपासणीसाठी ती ग्रंथालयात दिली आणि अहवालात साम्य शून्य टक्के आले. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य धरतात. चाळीस टक्क्यांपर्यंत गेले तर दुरुस्ती करून पुन्हा द्यावे लागते आणि साठच्या वर गेले तर नोंदणीच रद्द होते. शून्य पाहून मी मनातल्या मनात पेढे वाटले. सहायक ग्रंथपालांनी अहवाल दोनदा उलटसुलट पाहिला. “शून्य टक्के संत ज्ञानेश्वरांनासुद्धा मिळणार नाही मॅडम, त्यांनीही गीतेवरच लिहिलंय. यंत्राला तुमचं मराठी वाचताच आलेलं नाही.” दोन्ही प्रकरणे युनिकोडमध्ये आणताना प्रत्येक रफार आणि जोडाक्षर हाताने तपासण्यात माझी दिवाळीची सुट्टी गेली. दुसऱ्यांदा सात टक्के आले, आणि तेही बहुतेक अवतरणांचे होते.

कार्यक्रमांविषयी माझे मत थोडे कडवट आहे. १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन येतो, डॉ. रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घातला जातो. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. ग्रंथप्रदर्शन मांडले जाते, फीत कापली जाते, सर्वजण हातात पुस्तक धरून उभे राहतात आणि छायाचित्र निघाल्यावर पुस्तके परत टेबलावर जातात. रंगनाथन हे मुळात गणिताचे अध्यापक; १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवा असे सांगतो, आणि भाषणे नेमकी त्याच दिवशी सर्वांत लांबतात.

सर्वच कार्यक्रम तसे नसतात, हेही लिहिले पाहिजे. गेल्या वर्षी नव्या विद्यार्थ्यांच्या उद्बोधन वर्गात आमच्या सहायक ग्रंथपालांनी चित्रफीत दाखवली नाही, नियमही वाचून दाखवले नाहीत. त्यांनी मुलांना पाच-पाचच्या गटांत बसवून प्रत्येक गटाला एक प्रश्न दिला आणि तासाभरात उत्तर, तेही कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावर मिळाले त्यासह, आणायला सांगितले. एका गटाला आला होता: आपल्या आजोबांच्या जन्मसाली पुण्यात पाऊस किती पडला? मोबाइलवर शोधून ती मुले थकली, मग गॅझेटियर आणि जुन्या अहवालांच्या कपाटांपर्यंत पोचली. तासाचे दोन तास झाले, कोणी उठले नाही. वर्ग संपल्यावर एक मुलगी विचारत होती, “सर, हे असं काही विचारायला रोज आलं तर चालतं का?”

यंदा जूनमध्ये सासूबाईंची लोखंडी पेटी आवरताना तळाशी, साड्यांखाली अंथरलेले अकरा दिवाळी अंक सापडले, सर्व १९५० नंतरच्या दशकातले. मुखपृष्ठे जागेवर होती, आणि जाहिरातींची पानेही एकूण एक होती. एका पानावर चहाच्या जाहिरातीशेजारी सासूबाईंनी पेन्सिलीने वाण्याचा हिशोब मांडला होता. काम झाल्यावर अंक ग्रंथालयाला द्यायचे ठरवले. सहायक ग्रंथपालांनी प्रत्येक अंक दाखल नोंदवहीत चढवला, दाखल क्रमांक घातला, पहिल्या पानावर शिक्का मारला आणि दुसरा शिक्का आतल्या ठरलेल्या गुप्त पानावर. वाण्याचा हिशोब खोडायचा का, असे मी विचारले, तर त्यांनी मान हलवून नको म्हटले. मग बांधणीसाठी जाणाऱ्या गठ्ठ्याला लावायची चिठ्ठी काढून त्यांनी तिच्यावर लाल शाईने लिहिले: मुखपृष्ठे व जाहिराती काढू नयेत.