तुम्ही विचारलंत म्हणून : घराला अलार्म बसवावा का?

सांगलीत विश्रामबागेला माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. इन्व्हर्टर, गिझर, कॅमेरे आणि कुणी मागितला तर चोर-अलार्म. मुलांच्या परीक्षा संपल्या की येणारं-जाणारं गिऱ्हाईक एक प्रश्न विचारतंच : "आठ दिवस गावाला निघालोय. अलार्म बसवून घ्यावा का? खरंच उपयोग होतो का हो त्याचा?" दिवाळीच्या आधी हेच, लग्नसराईत हेच. मी विकणारा, म्हणजे 'हो'च म्हणणार असं धरून लोक विचारतात. मी उलटा प्रश्न टाकतो : रात्री दोन वाजता तो वाजला, तर येणार कोण?

कारण यंत्र फार काही करत नाही. दाराच्या चौकटीला एक छोटा सेन्सर, फळीला लोहचुंबक. दार उघडलं की दोघांत अंतर पडतं आणि पॅनेलला, म्हणजे अलार्मच्या मुख्य डब्याला, कळतं. हॉलच्या कोपऱ्यात वर दुसरा सेन्सर, तो हलत्या शरीराची उष्णता टिपतो. मग सायरन बोंबलतो आणि पॅनेलमधलं सिमकार्ड तुम्ही दिलेल्या नंबरांना फोन लावतं. साधा संच 8 ते 12 हजारांत बसतो. तो कुणाला अडवत नाही, पकडत तर नाहीच. आपल्याकडचा घरगुती अलार्म पोलिस ठाण्याला जोडलेलाही नसतो. 112 ला फोन माणसानेच करायचा.

माल विकायला येणारे प्रतिनिधी अमेरिकेचे दाखले देतात. तिथे 2012 च्या सुमारास नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या शार्लट शाखेने घरफोडीत शिक्षा झालेल्या 422 जणांना विचारलं होतं. सुमारे 60 टक्के म्हणाले, अलार्म आहे असं दिसलं तर आम्ही दुसरं घर बघतो. आकडा खरा आहे. त्या अभ्यासाला पैसा अलार्मवाल्यांच्याच संस्थेने पुरवला होता, हे प्रतिनिधी सांगत नाहीत. आणि तिथे कितीतरी घरांच्या अलार्मवर चोवीस तास लक्ष ठेवणारी कंपनी असते. आपल्याकडे असतात समोरचे जोशीकाका, तेही झोपेची गोळी घेऊन झोपलेले.

आपल्या भागातली घरफोडी पेपरात नेहमी एकाच वाक्यात येते : बंद घर हेरून, कडीकोयंडा उचकटून. म्हणजे चोर आधी बंद घर शोधतो. दारातला पेपरांचा ढीग, दिवसाही जळणारा गॅलरीतला दिवा आणि बाहेर लोंबणारं भलंमोठं कुलूप. ते कुलूप म्हणजे 'आम्ही गावाला गेलोय' अशी पाटीच. त्यापेक्षा फळीच्या आत बसणारं लॅच चांगलं, बाहेरून काही कळत नाही. कोयंडा चौकटीला दोन छोट्या स्क्रूंवर असेल तर कटावणीचा एक हिसका पुरतो. लांब बोल्ट आणि बाहेर लोखंडी जाळीचं दार, एवढं आधी सुताराकडून करून घ्या. माझं दुकान कुठे पळून जात नाही.

चोरांची दुसरी सवय, शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या लावायच्या. मग सायरन वाजतो, अख्खा मजला जागा होतो आणि एकालाही बाहेर पडता येत नाही. म्हणून अपार्टमेंटवाल्यांना मी सांगतो, अलार्मच्या आधी सगळ्यांनी मिळून बाहेरच्या कड्या काढून टाका. सायरनचा खरा फायदा एकच : चोराचा वेळ कापला जातो. कपाट फोडायला त्याला शांतता लागते. ती मिळाली नाही की हाताला लागेल ते घेऊन तो सटकतो.

सगळ्यात जास्त विचारणा विट्याकडून होते. विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. गावात टोलेजंग बंगला. आत म्हातारे आई-वडील, नाहीतर यात्रेपुरतं उघडणारं दार. मुलगा तिकडून फोन करतो, "काका, मला मोबाइलवर सगळं दिसलं पाहिजे." दिसेल की! पण कोचीत बसून तू करणार काय? चुलत्याला फोन. मग पॅनेलमध्ये पहिला नंबर चुलत्याचाच घाल, दुसरा पलीकडच्या वस्तीवरच्या एखाद्या तरण्या पोराचा, तुझा तिसरा. त्या दोघांना आधी विचार मात्र, रात्री याल का म्हणून. भाऊबंदकी असेल तर चुलताही येत नाही, हे काय विट्याच्या माणसाला मी सांगायला पाहिजे?

राज्यातल्या बऱ्याच गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. टोल-फ्री नंबरवर फोन करून संकट सांगितलं की तोच आवाज गावातल्या नोंदणी झालेल्या सगळ्या मोबाइलवर फोन होऊन पोचतो. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज सकाळी वाचला जातो, रात्री वाजणारा फोन माणूस उचलतो. तुमच्या गावात ती चालू असेल, तर माझ्या सायरनपेक्षा जास्त माणसं ती गोळा करते, तेही फुकटात.

यंत्राचे नखरेही ऐकून घ्या. पाल हॉलच्या सेन्सरच्या भिंगावरून गेली की सायरन वाजतो. मांजर, खिडकीचा उडणारा पडदा, तेच. दोन-तीन रात्री असं झालं की लांडगा आला रे आला. चौथ्या रात्री कुणी दिवासुद्धा लावत नाही. उलट मे महिन्यात भिंती अंगाइतक्या तापतात, तेव्हा उष्णतेतला फरक कमी होऊन तोच सेन्सर मंदावतो. आणि सिम! स्वस्त पॅनेल अजून टूजीवर, म्हणजे मोबाइलच्या जुन्या नेटवर्कवर चालतात, त्यांत जिओचं कार्ड चालत नाही, कारण जिओला टूजीच नाही. दुसऱ्या कंपनीचं घातलं तर रिचार्ज संपतो आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. मीटरपेटी बाहेर असल्यामुळे मेन स्विच पाडणं सोपं. म्हणून पॅनेलला बॅटरी असते, पण तीही दोन-तीन वर्षांत थकते.

सांगलीत नदीकाठच्या गावभाग, दत्तनगर, सांगलवाडीवाल्यांचं वेगळं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45. चोरीच्या धास्तीने घर सोडायला तयार नसलेली माणसं तेव्हा आपण सगळ्यांनी पाहिली. पुरात वीज कितीतरी दिवस नसते, पॅनेलची बॅटरी एखादा दिवस तगते. तिथे अलार्मवर विसंबू नका. दागिने पिशवीत घालून बरोबर घ्या आणि वेळेत निघा.

दागिन्यांवरून आठवलं. लॉकर घ्याच, पण त्यालाही मर्यादा आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासूनच्या नियमानुसार चोरी-दरोड्यात बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या 100 पटीपर्यंतच. भाडं 2 हजार असेल तर 2 लाख. त्यात आज दोन तोळेही येत नाहीत. तरी घरातल्या लोखंडी कपाटापेक्षा लॉकर केव्हाही बरा. आणि लॉकरमध्ये सोनं गेल्यावर बंद घरात राहतं काय? टीव्ही आणि गॅसची शेगडी. त्यासाठी 10 हजारांचा संच कशाला? अशा गिऱ्हाइकाला मी लॅच विकून परत पाठवतो.

अलार्म मी आग्रहाने बसवतो तो माणसं असलेल्या घरात. एकट्या राहणाऱ्या आजी, मळ्यातलं घर, रात्रपाळीचा नवरा. तिथे रात्री दारं-खिडक्यांचे सेन्सर चालू ठेवायचे, हॉलचा बंद. शिवाय रिमोटवर एक बटण असतं, दाबलं की लगेच सायरन आणि फोन. आजी ते देव्हाऱ्यात जपून ठेवतात. देव्हाऱ्यात नको, गळ्यात. बसवल्या दिवशी भरदुपारी एकदा वाजवून दाखवा सगळ्या आळीला, म्हणजे आवाज कुठला ते कळेल, आणि कोण कोण बाहेर येतं तेही.