तुम्ही विचारलंत म्हणून: प्रेशर 14 होतं, मग काचबिंदू कसा?

लग्नात विचारतात, लिफ्टमध्ये विचारतात, परवा मावशीने तर फोनवर "काहीतरी लपवतेयस तू" म्हटलं. नाही लपवत. दरवर्षी ऑफिसच्या तपासणीत डोळ्याचं प्रेशर 14 यायचं, 21 पर्यंत चालतं म्हणतात, मग मी कशाला काळजी करू?

तर तो 14 म्हणजे आतलं खरं प्रेशर नव्हे. यंत्र बुबुळावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, बाहेरून दाब देऊन ते चपटं करायला किती जोर लागतो तेवढंच बघतं आणि हा सगळा हिशोब बुबुळ साधारण अर्धा मिलिमीटर जाड आहे असं धरून बसवलेला. पातळ बुबुळ पटकन दबतं, आकडा कमी येतो. जाड असेल तर उलटं, उगाच जास्त दिसतो. माझं लॅसिक झालेलं, साडेसहाचा मायनस नंबर काढायला बुबुळच तासलेलं, आता ते 452 मायक्रॉन आहे, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी.

आणि मोठा नंबर म्हणजे पातळ बुबुळ असंही नसतं हं, नंबर मुख्यतः डोळ्याच्या लांबीचा असतो. लॅसिकने चष्मा गेला, लांबी तशीच राहिली, 26 मिमीच्या वर, आणि अशा लांब डोळ्यांना काचबिंदूचा धोका मुळातच जास्त.

काचबिंदू आहे हे कळलं फील्ड टेस्टच्या दिवशी, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं ती तपासणी. एक डोळा झाकलेला, हनुवटी त्या थंड कपात, ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी वाट बघतेय, बघतेय, काहीच येईना, शेवटी म्हटलं, "मॅडम, मशीन बंद पडलंय बहुतेक." त्या म्हणाल्या, "चालू आहे, तुम्ही समोर बघा." मग प्रिंट आली, वरच्या बाजूला नाकाकडे काळा डाग. ठिपके येत होते, मला दिसत नव्हते.

डॉक्टरांना दोष द्यायचा म्हटलं तर तपासणीच्या फॉर्मवर 'डोळ्याचं ऑपरेशन झालंय का?' असं होतं आणि मी चारही वर्षं 'नाही' लिहिलं. लॅसिक काय ऑपरेशन असतं का, वीस मिनिटांत घरी आले होते! शिवाय चष्मा नव्हताच कधी असा थोडा तोराही होता. पण जाडी मोजायला एक मिनिट लागतं, तेही कुणी केलं नाहीच ना?

मध्यंतरी मी एक्सेलमध्ये स्वतःच मायक्रॉनप्रमाणे प्रेशर वाढवून बघत बसायचे, कधी 18 यायचं कधी 21. डॉक्टर म्हणाले असं कुठलंच सूत्र एका माणसाला नेमकं लागू होत नाही, आपण काचबिंदूत खराब होते ती डोळ्याची नस बघू, फील्ड बघू. तरी त्यांनी लॅसिकच्या आधीची जाडी मागितलीच. ती फाइल घर बदलताना मीच रद्दीत दिली.