पहिलीला मुलाला इंग्रजी माध्यमात घालायचं का?

आजच्या पालकसभेत पुन्हा हाच प्रश्न. नागपुरात मूल घरी मराठी, गल्लीत हिंदी बोलतं. शाळेत एकदम सगळं इंग्रजीतून सुरू झालं की सुरुवातीला गप्प राहतं. त्याला घाबरू नका. पण ‘पाचातून दोन गेले, उरले किती?’ हे मराठीत चटकन सांगणारं पोरगं इंग्रजीत अडलं, तर त्याचं गणित कच्चं नाही, प्रश्नच कळलेला नाही. म्हणून प्रवेशाआधी वर्ग बघायला मागा: मॅडम वस्तू हातात देऊन, हावभाव करून शिकवतात की फळ्यावरचं नुसतं उतरवून घेतात? दुसरं असेल तर नकोच. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून किंवा स्थानिक भाषेतून शिकवा म्हणतं. सेमी-इंग्रजी (मराठी शाळेतच गणित-विज्ञान इंग्रजीतून) घेणार असाल तर गणित कितवीपासून इंग्रजीत, ते आधी विचारा. घरी मात्र रोज मराठी गोष्ट वाचून दाखवा.