चूक, चूक, आणि मग चमकणारं अक्षर

मुलगी चार वर्षांची असताना आम्ही तिला लहान मुलांसाठीचा शैक्षणिक टॅबलेट घेतला. जाड रबरी कडा, दोरीला बांधलेलं पेन, आत अक्षरं, आकडे, कोडी. जाहिराती नाहीत, व्हिडिओ नाहीत. तो हातात दिला की मी निर्धास्त.

दोनेक महिन्यांनी एकदा तिच्या शेजारी निवांत बसले. प्रश्न ऐकून व्हायच्या आत तिचं बोट कुठेतरी टेकत होतं. चूक. पुन्हा चूक. तिसऱ्या चुकीला बरोबर अक्षर आपोआप चमकायला लागायचं, मग त्यावर बोट, टाळ्या, चांदणी, पुढचा प्रश्न. शिवाय चुकलं की एक बेडूक धपकन पाण्यात पडायचा. त्याला पाडायला ती मुद्दाम चुकायची आणि खदखदून हसायची. पालकांसाठीच्या पानावर मात्र सगळी अक्षरं ‘पूर्ण’ झालेली होती.

तिला मी रागावले नाही. यंत्राचा नियम तिने स्वतः शोधून काढला होता, आणि चार वर्षांच्या मुलीसाठी ते कौतुकाचंच आहे. मला वाईट वाटलं ते माझंच, कारण दोन महिने मी त्या चांदण्यांवर विश्वास ठेवून स्वयंपाकघरात होते.

ती सहाची झाल्यावर माझा जुना आयपॅड तिच्याकडे गेला. पहिला आठवडा वाईट होता. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू, आणि काढून घेतला की रडारड. तेव्हा त्या शैक्षणिक टॅबलेटचा मोठा गुण लक्षात आला: त्यातले खेळ संपायचे. कंटाळा आला की ती तो आपणहून खाली ठेवायची. साध्या टॅबलेटला शेवट नसतो, तो आपल्याला घालावा लागतो. मी व्हिडिओचं अ‍ॅप काढून टाकलं, सेटिंगमधल्या ‘स्क्रीन टाइम’मध्ये वेळ बांधली आणि गाइडेड अ‍ॅक्सेस लावला, म्हणजे एकच अ‍ॅप उघडं राहतं आणि पासकोडशिवाय बाहेर पडता येत नाही. ही सोय आयपॅडवर २०१२पासून आहे. अँड्रॉइडवर अ‍ॅप पिन करता येतं, म्हणजे तेच एक पडद्यावर अडकून राहतं, आणि वेळेचं बंधन गूगलच्या फॅमिली लिंकमधून घालता येतं. यात माझी एक अख्खी दुपार गेली. ज्यांना ही दुपार काढायची नाही त्यांनी साधा टॅबलेट मुलांच्या हातात देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग स्क्रॅचज्युनिअर हे प्रोग्रॅमिंगची तोंडओळख करून देणारं अ‍ॅप टाकलं. २०१४मध्ये आलेलं, मोफत, पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी. वाचता येत नसलं तरी चालतं: चित्रांचे ठोकळे एकापुढे एक जोडायचे आणि मांजर हलवायची. स्वतःचा आवाजही भरता येतो, त्यामुळे आमची मांजर घरच्याच भाषेत बोलते. एकदा ती पडद्याच्या उजव्या कडेतून बाहेर जाऊन डावीकडून पुन्हा आत यायला लागली, पण मागे काही फिरेना. मुलीने अर्धा तास ठोकळे काढले, लावले, पुन्हा काढले. काहीही चमकलं नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेवटी उलट्या दिशेचा बाण सापडला तेव्हा ती धावत मला सांगायला आली. हे त्या जुन्या टॅबलेटवर झालंच नसतं, कारण त्यात कंपनीच्या दुकानातले खेळ सोडून दुसरं काही टाकता येत नव्हतं.

सुरक्षिततेचं थोडक्यात. फक्त मुलांसाठीचा म्हणून टॅबलेट आपोआप सुरक्षित होत नाही. २०१५मध्ये मुलांची इलेक्ट्रॉनिक खेळणी बनवणाऱ्या व्हीटेक या कंपनीच्या यंत्रणेत घुसखोरी झाली आणि ६० लाखांहून अधिक मुलांच्या खात्यांची माहिती बाहेर गेली. तेव्हापासून मी कुठल्याही खेळण्यात मुलांचं खरं नाव आणि जन्मतारीख भरत नाही.

धाकटा आता साडेतीन वर्षांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये या वयासाठी दिवसाला जास्तीत जास्त १ तास स्क्रीन सांगितली आहे. आम्ही त्याच्या निम्म्यावर थांबतो, आणि तेही ताई शेजारी असताना. त्याच्यासाठी नवा शैक्षणिक टॅबलेट घेतलेला नाही. ताईच्या गोष्टीत मांजरीच्या मागे आता एक कुत्रा लागलाय, आणि त्याचं भुंकणं धाकट्याने भरलंय.